स्टिअरिंग जड व्हायलंय, कॉलम बदलू का?

मार्च-एप्रिलमधे माझ्याकडे एसीचे प्रश्न येतात आणि जून तोंडावर आला की स्टिअरिंगचे. यावेळी मुद्दाम सगळे प्रश्न इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगचेच घेतलेत, म्हणजे मीटरवर ज्याला ईपीएस लिहिलेलं असतं ते. लातुरात २२ वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं काम करतोय आणि मला जीवाला लागणारी गोष्ट हीच की शे-दोनशे रुपयांच्या लगीपायी, म्हणजे केबलच्या टोकाच्या जोडापायी, माणसं अख्खा कॉलम, म्हणजे मोटरसकट स्टिअरिंगचा दांडा, बदलून बसतात, आणि महिन्याभरात तोच लाईट परत लागला की कपाळाला हात लावतात. म्हणून पहिल्या पत्राला जरा जास्त जागा दिली आहे, बाकीच्यांनी पण ते वाचा.

प्रश्न : सर नमस्कार, माझी छोटी पेट्रोल गाडी आहे, २०१५ ची, ७८ हजार किलोमीटर झालेत. महिन्यापासून सकाळी पहिल्यांदा चालू केली की स्टिअरिंग दगडासारखं जड व्हायलंय आणि मीटरमधे पिवळा ईपीएसचा लाईट लागायलाय. बंद करून परत चालू केली की लाईट जातो, मग दिवसभर काही नाही. रात्री हेडलाईट आणि एसी लावून गल्लीत वळवताना दोनदा परत लागला. सर्व्हिस सेंटरला दाखवली तर दहा मिनिटात सांगितलं कॉलम असेंब्ली गेली, ३८ हजार. पगारातून एवढे काढणं अवघड आहे. बदलू का? – एक शिक्षक, माजलगाव

उत्तर : सर, थांबा, अजून एक रुपया पण देऊ नका. अर्धं निदान तुमच्या पत्रातच आहे. पहिल्या स्टार्टला लाईट लागतो, परत चालू केली की जातो, हेडलाईट-एसीचा लोड पडला की परत येतो, हे बहुतेक वेळा करंट कमी पडत असल्याचं लक्षण असतं, कॉलम गेल्याचं नाही.

आधी हे चालतं कसं ते बघू, मग पुढचं आपोआप कळेल. छोट्या गाड्यांमधे डॅशबोर्डखाली, स्टिअरिंगच्या दांड्यावरच एक मोटर बसवलेली असते. तुम्ही स्टिअरिंग फिरवलं की दांड्यातली एक बारीक टॉर्शन बार किंचित पिळली जाते, तो पीळ टॉर्क सेन्सर मोजतो, आणि कंट्रोलर मोटरला सांगतो की एवढा जोर लाव. गाडी उभी असताना सगळ्यात जास्त जोर लागतो आणि स्पीड वाढेल तशी मदत कमी होते, म्हणून गाडीचा स्पीड पण कंट्रोलरला कळावा लागतो. आता ही मोटर १२ व्होल्टवर चालते, त्यामुळे उभ्या गाडीत स्टिअरिंग पूर्ण वळवताना ती सहज ३०-४० अँपिअर करंट ओढते, काही गाड्यांत त्याहून जास्त. घरातला मिक्सर किती ओढतो ते इलेक्ट्रिशियनला विचारा म्हणजे ४० अँपिअर काय चीज आहे ते लक्षात येईल.

तर पहिलं काम, मल्टीमीटर घ्या, दोन-चारशे रुपयाचा पण चालतो. रात्रभर उभी असलेली गाडी, सकाळी चालू करायच्या आधी बॅटरीवर मीटर लावा. १२.६ च्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली आहे, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली म्हणजे ती बॅटरी तुम्हाला सकाळी त्रास देणारच. मग कुणाला तरी स्टार्टर मारायला लावा आणि मीटरकडे बघत रहा, स्टार्टर फिरताना साडेनऊच्या खाली उतरलं तर बॅटरी म्हातारी झाली समजा. गाडी चालू झाल्यावर साडेतेरा ते साडेचौदाच्या मधे आलं पाहिजे, हेडलाईट, ब्लोअर, एसी सगळं लावून स्लोवर (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता) पण १३ च्या वर टिकलं पाहिजे, नाही टिकलं तर अल्टरनेटर किंवा त्याचा बेल्ट बघा. व्होल्टेज एका मर्यादेखाली गेलं की कंट्रोलर मोटरचं काम सोडून देतो आणि लाईट लावतो, बंद करून चालू केलं की परत नव्याने तपासतो आणि ठीक दिसलं की लाईट विझवतो. तुमच्याकडे नेमकं हेच व्हायलंय असं मला वाटतं.

बॅटरी चांगली निघाली तर मग दुसरं काम, आणि हे काम शंभरात नव्वद ठिकाणी कुणी करतच नाही म्हणून मी तळतळून सांगतोय. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी आलेली असते, अर्थिंगची केबल बॉडीला जिथे बोल्टने लावलेली असते तिथे रंग आणि गंज असतो, आणि वायरमन टेस्ट लॅम्प लावून बघतो, लॅम्प लख्ख पेटतो, आणि तो म्हणतो सप्लाय ओके आहे, कॉलमच गेला. अहो टेस्ट लॅम्पचा बल्ब अर्धा अँपिअर पण ओढत नाही! हिशोब बघा. गंजलेल्या जोडाला समजा फक्त ०.०५ ओहम रेझिस्टन्स आहे. लॅम्पच्या ०.४ अँपिअरला तिथे ०.०२ व्होल्ट पडतात, डोळ्याला फरक कळणारच नाही. पण मोटरचे ४० अँपिअर त्याच जोडातून गेले की ४० गुणिले ०.०५, म्हणजे पूर्ण २ व्होल्ट तिथेच खाल्ले जातात, आणि कंट्रोलरला १२ च्या जागी १० मिळतात. लॅम्प खोटं बोलत नाही, पण त्याला जे विचारलं तेवढंच तो सांगतो.

म्हणून टेस्ट लोडवर करायची. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, काळी पिन बॅटरीच्या मायनस खांबावर, टर्मिनलच्या पट्टीवर नाही तर मधल्या शिशाच्या खांबावर, आणि लाल पिन कॉलमच्या अर्थिंगच्या बोल्टवर. गाडी चालू, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रल, आणि शेजारच्याला उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवायला सांगा. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक. ०.५ किंवा जास्त दिसलं तर दोष सापडला तुमचा. प्लसच्या बाजूला पण असंच, बॅटरीचा प्लस खांब आणि कंट्रोलरला जाणारी जाड वायर यांच्या मधे. तिथे जास्त पडत असेल तर बॅटरीजवळच्या डब्यातला ईपीएसचा मोठा फ्यूज काढून त्याचे पाय बघा, काळे पडलेले किंवा सैल असतात, तुटलेला नसला तरी.

साफ करताना आधी मायनस काढायचा आणि बसवताना शेवटी मायनस. गरम पाण्यात खाण्याचा सोडा टाकून टर्मिनल धुवा, पॉलिश पेपर मारा, घट्ट आवळा आणि मग वरून व्हॅसलीन लावा. मधे नाही, वरून. हे सगळं करून पण लाईट लागला तर मला परत लिहा, मग कॉलमचं बघू. आणि त्या सर्व्हिस सेंटरला एवढंच विचारा की स्कॅनरवर दोषाचा कोड कुठला आला होता. दहा मिनिटात कॉलम गेला म्हणणाऱ्याने निदान स्कॅनर तरी लावला पाहिजे ना.

प्रश्न : दादा, मी बँकेत नोकरीला आहे. बाजारात गाडी लावताना मागे-पुढे करून करून स्टिअरिंग हळूहळू जड होत जातं, लाईट वगैरे लागत नाही. दहा-पंधरा मिनिटं थांबलं की परत हलकं. मे महिन्यात जास्त होतंय. गाडी दोनच वर्षांची आहे. – एक वाचक, परभणी

उत्तर : ताई, गाडी बिघडलेली नाही, ती स्वतःला वाचवायलीय. परभणीचा मे महिना, बंद गाडी उन्हात उभी, डॅशबोर्डखाली आधीच भट्टी झालेली, त्यात उभ्या गाडीत स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा वेळा फिरवलं की मोटर आणि कंट्रोलर तापतात. कंट्रोलरला तापमान कळतं किंवा किती करंट किती वेळ दिला त्यावरून तो अंदाज बांधतो, आणि मदत हळूहळू कमी करतो. थंड झालं की परत देतो. लाईट न लागता हळूहळू जड होणं आणि आपोआप सुधारणं ही याची खूण.

एक सवय लावून घ्या, चाक वळवताना गाडी मुंगीच्या गतीने का होईना पण हलती ठेवा, उभ्या गाडीत नुसतं स्टिअरिंग पिळू नका, आणि टोकाला गेल्यावर तिथे दाबून धरू नका, तिथेच सगळ्यात जास्त करंट जातो. पुढच्या टायरची हवा पण बघा, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर जेवढी लिहिलीय तेवढी. हवा कमी असली की टायर रस्त्याला चिकटतं आणि तेवढा जोर मोटरला जास्त लावावा लागतो. एक-दोनदा वळवल्यावरच जड व्हायला लागलं, किंवा थंडीत पण झालं, तर मात्र दाखवा.

प्रश्न : आमचे चुलते मांजरसुंब्याच्या घाटात उताराला लागलं की गाडी न्यूट्रल करून चावी बंद करतात, पेट्रोल वाचतं म्हणून. परवा वळणावर स्टिअरिंग लॉक झाल्यासारखं झालं म्हणे, थोडक्यात वाचले. स्टिअरिंग खराब आहे का? – एक शेतकरी, केज

उत्तर : स्टिअरिंग खराब नाही, सवय जीवघेणी आहे, आणि हे पत्र चुलत्यांना वाचून दाखवा. चावी बंद केली की ईपीएस बंद, मोटरची मदत गेली. ब्रेकचा बूस्टर इंजिनच्या ओढीवर चालतो, इंजिन बंद झालं की एक-दोनदा ब्रेक दाबेपर्यंत मदत राहते, मग पेडल लाकडासारखं. आणि चावी अजून एक टप्पा मागे जाऊन निघाली तर स्टिअरिंगचा कुलूप-खिळा खरंच बसतो, मग चाक वळतच नाही. म्हाताऱ्या जीपा अशा उतरवायचे त्या काळी, तेव्हा स्टिअरिंगला मुळात मदतच नव्हती म्हणून हाताला फरक कळत नव्हता.

पेट्रोलचं म्हणाल तर आताच्या इंजेक्शनच्या गाड्या गिअरमधे ठेवून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की उताराला इंजेक्टर स्वतःच बंद करतात, म्हणजे गिअरमधे उतरलात तर पेट्रोल तसंही जात नाही, वरून इंजिन ब्रेकला मदत करतं. काका, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमधे उतरा, चावीला हात लावू नका.

प्रश्न : गॅरेजवाला म्हणतो स्टिअरिंग ऑइल कमी झालंय, ५०० रुपयाचं ऑइल टाकू. टाकू का? – एक वाचक, जालना

उत्तर : बॉनेट उघडून त्याला म्हणावं बाटली दाखव कुठंय ती. कॉलमवर मोटर असलेल्या गाडीत ऑइल नसतंच, ना बाटली ना पाईप. जुन्या हायड्रॉलिक पद्धतीत इंजिनच्या बेल्टवर पंप असायचा, तो स्टिअरिंग फिरवा नाहीतर नका फिरवू, सतत फिरायचा आणि छोट्या इंजिनची ताकद खायचा. म्हणूनच तर छोट्या गाड्यांसाठी इलेक्ट्रिकचा शोध लागला, १९८८ मधे जपानमधे सुझुकीच्या सर्व्हो नावाच्या छोटुकल्या गाडीत कॉलमवरची मोटर पहिल्यांदा आली, आणि मोटर वळवतानाच करंट खाते, सरळ चालताना जवळपास नाही. काही मोजक्या गाड्यांत इलेक्ट्रिक मोटर ऑइलचा पंप फिरवते, तिथे बाटली असते आणि कुठलं ऑइल ते गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. तुमच्याकडे बाटली नसेल तर ५०० रुपये खिशातच ठेवा.

प्रश्न : मास्तर, खराब रस्त्यावर स्टिअरिंगमधून खटखट आवाज येतो आणि हाताला पण जाणवतो. लाईट नाही. टाय रॉडचे दोन्ही एंड बदलले, लिंक बदलल्या, आवाज तसाच. आता फिटर म्हणतो रॅक (चाकं वळवणारी दातेरी पट्टी) बदला. – एक टॅक्सीचालक, उदगीर

उत्तर : दादा, आवाज कुठून येतोय हे न शोधता पार्ट बदलत गेलं की खर्च वाढतो आणि आवाज राहतो, तुमचं तेच झालंय. गाडी उभी करून इंजिन बंद ठेवा, एक जण स्टिअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवेल, पूर्ण फिरवायचं नाही, नुसतं घड्याळाच्या लंबकासारखं, आणि दुसऱ्याने पायापाशी वाकून कॉलम जिथे खाली जातो तिथल्या शाफ्टवर हात ठेवायचा. तिथे क्रॉस असतात, युनिव्हर्सल जॉइंट. त्यात खुळखुळ हाताला लगेच लागते. जॉइंटचे बोल्ट सैल असले तरी असाच आवाज येतो, आणि ते आवळायला पाच मिनिटं पुरतात, पण तो बोल्ट सैल राहिला तर शाफ्ट निसटू शकतो, म्हणून हे आजच बघा, उद्यावर ढकलू नका.

क्रॉस ठीक असतील तर मग कॉलमच्या आत. मोटरचा जोर शाफ्टला वर्म (स्क्रूसारखा दांडा) आणि वर्म व्हील (त्याने फिरणारं दातेरी चाक) मधून जातो, त्यातलं मोठं चाक बहुतेक गाड्यांत नायलॉनसारख्या प्लास्टिकचं असतं, आवाज कमी यावा म्हणून. वर्षानुवर्षं खड्ड्यांचे धक्के बसून त्यात थोडी ढिलाई येते. काही गाड्यांत मोटर आणि वर्मच्या मधे रबराचं छोटं कपलिंग असतं, ते उन्हाने कडक होऊन तुटतं आणि अगदी असाच आवाज देतं, आणि पार्ट स्वस्त असतो, मजुरी जास्त. रॅकचा नंबर या सगळ्यानंतर. रॅक तपासायचा तर गाडी वर घ्या, रबरी बूट सरकवून आतला बॉल जॉइंट हाताने हलवून बघा. बूट फाटलेला असेल तर आपल्या काळ्या मातीची धूळ आणि पावसाळ्यातला चिखल आत जाऊन रॅक खातो, तो बूट पहिल्या दिवशी बदलला तर रॅक वाचतो.

प्रश्न : गाडी महिनाभर शेतातल्या गोठ्यात उभी होती. उंदरांनी वायरी खाल्ल्या. वायरमनने पीळ मारून टेप लावून जोडल्या, बाकी सगळं चालायलंय पण ईपीएसचा लाईट कायम लागून आहे, स्टिअरिंग जड. लाईट असताना चालवली तर चालते का? – एक वाचक, वसमत

उत्तर : शेवटचं आधी. लाईट लागला म्हणजे मोटरची मदत बंद झाली, स्टिअरिंग तुटलेलं नसतं, दांडा आणि रॅक पहिल्यासारखेच जोडलेले असतात. सावकाश घरापर्यंत किंवा गॅरेजपर्यंत जाता येतं, पण वळणावर किती जोर लागेल याची सवय नसते म्हणून गर्दीत आणि घाटात नेऊ नका, आणि घरातल्या ज्येष्ठांच्या हातात तर अजिबात देऊ नका.

आता वायरी. हॉर्नची किंवा लाईटची वायर पीळ मारून चालून जाते, टॉर्क सेन्सरची नाही. बऱ्याच गाड्यांत तो सेन्सर दोन सिग्नल देतो, मुख्य आणि जोडीचा, स्टिअरिंग मोकळं असताना दोन्ही अडीच व्होल्टच्या आसपास, आणि वळवलं की एक वर जातो तेवढाच दुसरा खाली येतो, बेरीज ५ च राहते. कंट्रोलर ही बेरीज सतत बघत असतो. तुमच्या पीळ मारलेल्या जोडात थोडासा जरी फरक पडला, दमट हवेत तांबं हिरवं पडलं, की बेरीज जुळत नाही आणि तो मोटर लगेच बंद करतो. योग्यच करतो, कारण चुकीच्या सिग्नलवर मोटरने आपल्या मनाने स्टिअरिंग ओढलं तर काय होईल याचा विचार करा. नव्या गाड्यांत सिग्नल डिजिटल असतो, तिथे हे व्होल्ट दिसणार नाहीत, पण जोडाची गोष्ट तीच.

माझ्याकडे औशाकडच्या एका शेतकऱ्याची अशीच गाडी आली होती, तीन ठिकाणी फिरून. सगळ्यांनी सेन्सर गेला म्हटलेलं. मी टेप सोडल्या तर दोन वायरींची अदलाबदल झालेली, रंग उंदराने खाल्लेल्या तुकड्यावर संपलेला होता आणि पुढे अंदाजाने जोडलेलं. त्या दिवशी त्या माणसाचा चेहरा बघून मला स्वतःला भरून आलं, कारण नवीन कॉलमसाठी त्याने सोयाबीन विकायला काढलं होतं. तुम्ही सगळे जोड उघडून सोल्डर करा, वर हिटश्रिंक नळी चढवा, दोन्ही टोकांची वायर मीटरवर कंटिन्युइटी लावून एकेक करून जुळवा, आणि मग कोड पुसा. स्पीडचा सिग्नल देणारी वायर पण खाल्लेली असू शकते, एबीएसच्या चाकाच्या सेन्सरची, ती तुटली तरी काही गाड्यांत ईपीएस मदत बदलतो किंवा बंद करतो. आणि गाडी गोठ्यात लावायची असेल तर आठवड्यातून एकदा तरी बॉनेट उघडून चालू करत जा.

प्रश्न : सर मी नवीन गॅरेज टाकलंय. ग्राहकाच्या गाडीचा कॉलम खरंच गेलाय, पॉवर आणि अर्थिंग तुम्ही सांगता तसं लोडवर तपासलं. भंगारातून जुना कॉलम मिळतोय. बसवताना काय बघू? मोबाईलला जोडायचा छोटा स्कॅनर आहे, त्यात ईपीएस दिसतच नाही. – एक मेकॅनिक, नांदेड

उत्तर : भाऊ, लोडवर तपासून मग कॉलमला हात लावला, वाचून आनंद झाला. तो मोबाईलवाला स्कॅनर बहुतेक इंजिनचेच पी ने सुरू होणारे कोड दाखवतो. ईपीएसचे कोड सी ने सुरू होतात आणि ते वाचायला त्या कंपनीच्या सिस्टिममधे शिरणारा स्कॅनर लागतो, तो विकत घ्यायचा नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याला एका वाचनाचे पैसे द्या. यू ०१३१ आला असेल तर त्याचा अर्थ ईपीएसच्या कंट्रोलरशी बोलणंच होत नाही, अशावेळी कॉलम बदलायच्या आधी त्याचा सप्लाय, फ्यूज आणि कॅनच्या, म्हणजे गाडीतले कंट्रोलर ज्यावरून आपसात बोलतात त्या, दोन वायरी बघायच्या. आणि पी ०५०० म्हणजे गाडीच्या स्पीडचा सिग्नल, तो पण सोबत असेल तर आधी तो दुरुस्त करा.

जुना कॉलम घेताना पार्ट नंबर अक्षरनअक्षर जुळला पाहिजे. एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेलच्या कंट्रोलरमधे फरक असतो, डिझेलचं पुढचं वजन जास्त म्हणून मदतीचा हिशोब वेगळा. बसतोय म्हणून बसवू नका. पाण्यात बुडालेल्या गाडीचा आहे का ते कनेक्टरच्या पिना बघून कळतं, हिरव्या-पांढऱ्या असतील तर सोडून द्या. विकणाऱ्यासमोरच शाफ्ट हाताने फिरवून बघा, कुठे अडकतो का, मधेच खरखर होते का.

आता जिवाचं. पुढची चाकं एकदम सरळ करा. एअरबॅग असेल तर बॅटरीचा मायनस काढून काही मिनिटं थांबा, कंपनीच्या पुस्तकात जेवढी दिलीत तेवढी, घाई नको. शाफ्ट आणि जॉइंटवर खडूने नाही, रंगाने खूण करा, म्हणजे बसवताना एक दाता पण सरकणार नाही. शाफ्ट सुटलेला असताना स्टिअरिंग फिरू देऊ नका, सीटबेल्टने बांधून ठेवा, कारण स्टिअरिंगच्या मागे एअरबॅग आणि हॉर्नची गुंडाळलेली पट्टी असते, ती जास्त फिरली की तुटते आणि मग एअरबॅगचा लाईट ही नवीन डोकेदुखी. जॉइंटचे बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळा.

बसवल्यावर अनेक गाड्यांत टॉर्क सेन्सरचं शून्य स्कॅनरने सेट करावं लागतं, स्टिअरिंगला हात न लावता. ते न करता गाडी दिली तर ती एका बाजूला ओढेल आणि ग्राहक अलाइनमेंटवाल्याशी भांडत बसेल. जिथे ईएससी (गाडी घसरू न देणारी सिस्टिम) आहे तिथे स्टिअरिंग अँगल सेन्सर पण सेट करायचा. आणि नुसता कंट्रोलरच गेला असेल, म्हणजे आतला सोल्डर सुटलाय किंवा रिले चिकटलाय, तर चांगलं बोर्डाचं काम करणारा माणूस तो दुरुस्त करतो, पण दुरुस्तीनंतर रिकाम्या मैदानात सावकाश आणि मग स्पीडला, दोन्ही ट्रायल तू स्वतः घ्यायच्या, ग्राहकाच्या हातात द्यायच्या आधी.

प्रश्न : नवीन टायर टाकून अलाइनमेंट केली, तरी गाडी डावीकडे ओढते. अलाइनमेंटवाला म्हणतो ईपीएसचा दोष. – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : असेल पण, पण आधी पुढचे दोन टायर आपसात बदला. ओढण्याची बाजू बदलली तर टायरचाच दोष. नाही बदलली तर थोडं चालवून दोन्ही पुढच्या चाकांच्या रिमला हात जवळ नेऊन बघा, एक जास्त गरम असेल तर ब्रेक चिकटतोय. मग रिकाम्या सरळ रस्त्यावर सावकाश चालवताना ईपीएसचा फ्यूज काढलेला असताना ओढते का बघा. मदत बंद असताना पण ओढत असेल तर ईपीएस निर्दोष. बंद असताना सरळ आणि चालू असताना ओढत असेल तर टॉर्क सेन्सरचं शून्य सरकलंय, वरच्या नांदेडच्या पत्रात लिहिलंय ते करून घ्या. फ्यूज काढल्यावर स्टिअरिंग जड होणार हे माहीत ठेवून, आणि सोबत कुणीतरी घेऊन.

स्टिअरिंग जड आहे आणि वळवल्यावर आपोआप सरळ पण होत नाही अशी पण दोन पत्रं आलीत, एक निलंग्याचं, एक भोकरचं. दोघांनाही एकच टेस्ट, इंजिन बंद ठेवून पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचला, खाली स्टँड लावा, नुसत्या जॅकवर विश्वास ठेवू नका, आणि स्टिअरिंग फिरवा. हवेतल्या चाकाला पण जड लागत असेल तर दोष करंटचा नाही, शॉकअपच्या वरचं बेअरिंग किंवा गंजलेला क्रॉस बघा.

प्रश्न : जुनी गाडी घ्यायचीय, ईपीएस चांगला आहे हे पाच मिनिटात कसं ओळखू? – एक वाचक, तुळजापूर

उत्तर : गाडी थंड असताना जा, आधीच चालू करून ठेवलेली असेल तर बंद करून थांबा. चावी ऑन करा, इंजिन चालू करू नका, मीटरमधे ईपीएसचा लाईट लागला पाहिजे, मग इंजिन चालू केल्यावर काही सेकंदात विझला पाहिजे. चालू केल्यावर विझला नाही तर दोष उघड आहे, त्यावर भाव करता येतो. पण चावी ऑन केल्यावर लाईट लागलाच नाही तर कुणीतरी मीटर उघडून तो बंद केलेला असू शकतो, तेव्हा मालकाला सरळ विचारा, आणि स्कॅनर लावू देत नसेल तर बयाणा देऊ नका.